दूरदेशीचा वर्गमित्र : आंतरशालेय संवादातून प्राथमिक भूगोल-अध्ययनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

प्राथमिक शाळेत भूगोल हा विषय दीर्घकाळ ‘जवळून दूर’ या क्रमाने शिकविला गेला आहे. घर, शाळा, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश आणि सर्वांत शेवटी जग, असा हा क्रम होय. त्यामागे थोर परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे पेस्टालॉझी यांच्या शाळेतील मुलांना जवळच्या दरीत नेले जाई आणि परत आल्यावर त्या दरीचा उठाव चिकणमातीत तयार करण्यास सांगितले जाई. आधुनिक भूगोलाचे एक प्रवर्तक कार्ल रिटर यांनी ही शाळा प्रत्यक्ष पाहिली होती व तिचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. पुढे जर्मन शाळांत ‘हायमाटकुंडे’ म्हणजे स्वभूमीचा अभ्यास हा विषय याच विचारातून रुजला. महाराष्ट्रातही तिसरीच्या वर्गासाठी अनेक वर्षे जिल्हानिहाय पुस्तके काढली गेली आणि चौथीच्या मुलांपुढे राज्याचा नकाशा ठेवला गेला, ते याच तत्त्वाला अनुसरून.

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे हे अध्यापनाचे सूत्र चुकीचे नाही. परंतु या क्रमात एक गृहीतक दडलेले आहे. मुलाला आपले गाव ‘ज्ञात’ असते, असे त्यात मानले जाते. वस्तुतः जे रोज दिसते त्याकडे मूल क्वचितच पाहते. विहिरीला पाणी किती हातांवर लागते, गावाचा उतार कोणत्या दिशेला आहे, ज्वारी रब्बीत का पेरतात, हे प्रश्न गावातल्या मुलाला सहसा पडत नाहीत, कारण ते विचारणारे कोणी नसते. दूरच्या प्रदेशातील एखाद्या वर्गाने ते विचारले की परिस्थिती पालटते. आपण कोठे राहतो हे अनोळखी माणसाला समजावून सांगण्यासाठी मुलाला प्रथम स्वतःचे गाव अभ्यासावे लागते. येथे जवळच्याकडे जाण्याची वाट दूरवरून येते.

परदेशातील वर्गांशी पत्रे, संगणकीय संदेश व पुढे दृक्-संवाद यांद्वारे प्राथमिक शाळांनी भूगोल शिकण्याचे जे प्रयोग केले, त्यांचा प्रस्तुत निबंधात मागोवा घेतला आहे. या प्रयोगांविषयीचे बरेचसे लेखन उत्साहाच्या भरात झालेले आहे. तंत्र नवे असले की शिक्षणही नवे झाले, असे मानण्याची घाई त्यात दिसते. त्यामुळे येथे एकच प्रश्न मध्यवर्ती ठेवला आहे : या देवघेवीतून मुले भूगोल शिकली, की केवळ ओळखपाळख झाली?

मुद्रणयंत्र आणि टपाल

संगणकाच्या कितीतरी आधी या पद्धतीचा पाया फ्रान्समधील एका खेड्यातील शिक्षकाने घातला. सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) हे पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम होऊन परतले होते. १९२० साली ते आल्प-मारितीम विभागातील बार-स्यूर-लू येथील शाळेत रुजू झाले. मोठ्या आवाजात तासन्‌तास शिकविणे त्यांना झेपत नसे. ते मुलांना घेऊन शिवारात फिरत. परतल्यावर जे पाहिले ते मुले सांगत आणि फळ्यावर लिहीत. १९२४ मध्ये फ्रेने यांनी वर्गात एक लहानसे मुद्रणयंत्र आणले आणि मुलांचे मजकूर मुलेच खिळे जुळवून छापू लागली.

छापलेला मजकूर वाचणार कोण, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणजे आंतरशालेय पत्रव्यवहार. ब्रिटनी प्रांतात, अटलांटिकच्या किनाऱ्यावरील त्रेगंक येथील शिक्षक रने दानिएल यांच्या वर्गाशी फ्रेने यांच्या वर्गाची देवघेव सुरू झाली. एकीकडे भूमध्य सागराजवळच्या डोंगरउतारावरील ऑलिव्ह व संत्र्यांच्या बागा, दुसरीकडे भरती-ओहोटी, मासेमारी आणि पावसाळी हवा. दोन्ही गावे एकाच देशातील होती. तथापि एका गावच्या मुलाला दुसरे गाव परदेशाइतकेच अपरिचित होते. छापील पानांबरोबर आपापल्या प्रदेशातील वस्तूंची पार्सलेही जात-येत. पाठ्यपुस्तकातील ‘ब्रिटनी : हवामान व व्यवसाय’ या परिच्छेदाची जागा एका जिवंत वर्गाने घेतली.

या प्रयोगाचा भूगोलदृष्ट्या महत्त्वाचा भाग पार्सल उघडण्यापेक्षा उत्तर लिहिण्यात होता. समुद्राकाठच्या मुलांनी बागांविषयी काही विचारले की डोंगरातल्या मुलांना घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारावे लागे, मोजावे लागे, कधी पुन्हा शिवारात जाऊन पाहावे लागे. अर्थात टपालाची गती मंद होती. प्रश्न आणि उत्तर यांच्यात दिवस जात आणि देशाबाहेरच्या शाळेशी व्यवहार असेल तर आठवडे. लहान मुलाचे कुतूहल इतका काळ तग धरत नाही, ही या पद्धतीची अंगभूत मर्यादा होती. मात्र त्या मंदपणाचा एक लाभही होता व तो पुढील काळात हरवला. पत्र एकदाच जाणार म्हणून ते विचारपूर्वक लिहिले जाई.

दूरध्वनीच्या तारेवरून

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी सूक्ष्मसंगणक अमेरिकी शाळांत आले आणि मोडेमच्या साहाय्याने दूरध्वनीच्या तारेवरून मजकूर पाठविणे शक्य झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील केंद्रात जेम्स लेव्हिन, मार्गारेट रील व मोशे कोहेन यांनी ‘इंटरकल्चरल लर्निंग नेटवर्क’ उभारले. अमेरिकेबरोबरच मेक्सिको, जपान व इस्रायल येथील वर्ग त्यात सहभागी झाले. पाणीटंचाई हा त्यातील एक विषय होता. आपल्या भागात पाणी कसे मिळते, टंचाई आली की लोक काय करतात, हे प्रत्येक वर्गाने शोधायचे आणि इतरांना कळवायचे. त्यानंतर एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी लागू पडेल का, याची चर्चा. असा प्रश्न हाताळताना पर्जन्य, भूरचना, शेती आणि लोकव्यवहार यांचा संबंध मुलांना जोडावाच लागतो.

याच सुमारास सॅन डिएगो येथेच अल रॉजर्स यांनी ‘फ्रेडमेल’ हे शाळांसाठीचे अल्पखर्ची जाळे सुरू केले. दूरध्वनीचे दर रात्री कमी असत. म्हणून दिवसभरात जमलेले संदेश संगणक रात्री आपोआप पुढच्या संगणकाकडे सरकवीत. टपालाचे आठवडे आता एक-दोन दिवसांवर आले.

परंतु संदेश वेगाने जाऊ लागले म्हणून ते अर्थपूर्ण झाले असे नाही. लेव्हिन, रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात शैक्षणिक संगणक-जाळ्यांच्या यशापयशाचा विचार केला आहे. लेखाचा भर यंत्रावर नव्हता, तर जाळ्यावर कोणती कृती केली जाते यावर होता. ‘पत्रमैत्री’ या स्वरूपात सुरू झालेले व्यवहार बहुधा विरून जात. माझे नाव अमुक, मला अमुक आवडते, तुला काय आवडते, एवढे झाले की बोलण्यासारखे काही उरत नसे. ज्या वर्गांपुढे एखादे समान काम होते ते टिकले.

कोहेन व रील यांचा १९८९ सालचा अभ्यास येथे लक्षात घेण्यासारखा आहे. इस्रायलमधील सातवीच्या विद्यार्थ्यांनी एकाच विषयावर दोन निबंध लिहिले. एक शिक्षकांकडून गुण मिळविण्यासाठी आणि दुसरा दूरदेशीच्या समवयस्कांना वाचण्यासाठी. समवयस्कांसाठी लिहिलेले निबंध सरस ठरले. हे विद्यार्थी प्राथमिक वर्गातील नव्हते, हे मान्य. पण त्यातील कारणमीमांसा भूगोलाच्या दृष्टीने मोलाची आहे. शिक्षकाला गाव माहीत असते, म्हणून त्याच्यासाठी लिहिताना मूल तपशील गाळते. परक्याला काहीच ठाऊक नसते, म्हणून त्याला सर्व सांगावे लागते. फ्रेने यांनी खेड्यातील वर्गात जे अनुभवले, त्याला या अभ्यासाने मोजमापाचा आधार दिला.

‘किड्स नेटवर्क’ आणि त्याचे फेरमूल्यमापन

या कालखंडातील सर्वांत व्यापक प्रयत्न म्हणजे ‘नॅशनल जिऑग्राफिक किड्स नेटवर्क’. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील ‘टर्क’ या संस्थेने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो विकसित केला. चौथी ते सहावीचे वर्ग त्याच्या डोळ्यांसमोर होते. ‘हॅलो’ या पहिल्या घटकात मुले आपल्या वर्गातील पाळीव प्राण्यांची मोजदाद करीत. पुढील घटकांत आम्लपर्जन्य, पिण्याचे पाणी, हवामान, कचरा असे विषय येत. प्रत्येक वर्गाने आपले अक्षांश-रेखांश नकाशावरून शोधून कळवायचे, हा आरंभीचाच पाठ होता. त्याला ‘जागतिक पत्ता’ असे समर्पक नाव दिले गेले. दहा-बारा वर्गांचा एक गट असे. गटातील मोजमापे मोडेमद्वारे मध्यवर्ती संगणकाकडे जात आणि सर्वांची एकत्रित आकडेवारी नकाशाच्या व आलेखाच्या स्वरूपात परत येई.

चौथीच्या मुलाने स्वतः मोजलेल्या पावसाची आम्लता नकाशावर एका ठिपक्याच्या रूपाने दिसावी आणि शेजारी शेकडो मैलांवरच्या अनोळखी वर्गांचे ठिपके असावेत, ही कल्पना खरोखरच आकर्षक होती. नकाशा ही कोणीतरी तयार करून दिलेली वस्तू आहे, हा समज त्यातून पुसला जात होता.

तथापि दशकभरानंतर ॲलन फेल्डमन, क्लिफ कोनॉल्ड व बॉब कुल्टर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा जाळेबद्ध विज्ञानप्रकल्पांचे जे परखड मूल्यमापन केले, ते उत्साह आवरणारे आहे. विशेष म्हणजे हे टीकाकार या चळवळीच्या आतलेच होते. मुले मोजमापे घेत आणि पाठवीत. मात्र परत आलेल्या आकडेवारीचा अर्थ लावण्यासाठी वर्गात फारसा वेळ उरत नसे. सर्व शक्ती गोळा करण्यात आणि पाठविण्यात खर्च होई. त्यांनी दिलेला सल्ला असा की भर जाळ्यावरील देवघेवीवरून काढून वर्गातील प्रत्यक्ष चर्चेवर द्यावा. दूरच्या वर्गाशी संवाद व्हावा म्हणून आधी शेजारच्या बाकावरील मुलाशी संवाद हवा, असे ते सांगत होते. या प्रयोगांच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मानावा लागेल. दुर्दैवाने नंतरच्या दोन दशकांत त्याची दखल फार थोड्यांनी घेतली.

शीतयुद्धाची अखेर आणि नवी जाळी

१९८८ मध्ये पीटर कोपेन यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क राज्य व मॉस्को येथील शाळा संगणकाद्वारे जोडल्या गेल्या. त्यातूनच पुढे ‘आयअर्न’ हे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. शत्रुराष्ट्र म्हणून नकाशावर वेगळ्या रंगात दाखविलेल्या प्रदेशात आपल्यासारखीच मुले शाळेत जातात, हे मुलांना कळणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. प्राथमिक वर्गांसाठी या जाळ्यात पुढे एक खेळकर उपक्रम रुजला. दोन देशांतील वर्ग टपालाने एकमेकांकडे खेळण्यातले अस्वल पाठवीत आणि यजमान वर्ग त्या अस्वलाच्या नावाने रोजनिशी लिहून संगणकावरून धाडीत. अस्वलाने आज काय खाल्ले, कोणत्या वाहनाने प्रवास केला, बाहेर किती थंडी होती, हे सारे त्यात येई. सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या गावाचे वर्णन करणे अवघड जाते. पाहुण्याच्या डोळ्यांनी ते करणे सोपे जाते. ही युक्ती साधी असली तरी बालमानसाची जाण दाखविणारी आहे. १९९० मध्ये नॉर्वेचे ओद द प्रेस्नो यांनी सुरू केलेला ‘किडलिंक’ हा उपक्रम मात्र दहा ते पंधरा वयोगटासाठी होता आणि त्यात मुलांच्या भविष्यविषयक विचारांवर भर होता. भूगोल त्यात ओघाने येई.

१९९५ च्या १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. म्हणजे अमेरिकी शाळांत या प्रयोगांना दशक लोटले होते, तेव्हा भारतीय शाळांना दार उघडले आणि तेही मोठ्या शहरांतील मोजक्याच शाळांना. युरोपात २००५ मध्ये ‘ई-ट्विनिंग’ सुरू झाल्यावर शासनाच्या पाठबळाने शाळांच्या जोड्या जुळू लागल्या. २०२२ पासून तो उपक्रम युरोपीय शालेय शिक्षण मंचाचा भाग झाला.

सावली आणि दिनमान

आंतरशालेय देवघेवीतील ज्या कृती केवळ एका वर्गाला करताच येत नाहीत, त्यांचा येथे स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. पाळीव प्राणी मोजण्यासाठी परदेशातील वर्ग असलाच पाहिजे असे नाही. पृथ्वी गोल आहे आणि ती किती मोठी आहे, हे मात्र एका जागी बसून मोजता येत नाही.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिसने ते दोन जागांच्या आधारे मोजले. सायीनी म्हणजे आजचे आस्वान येथे उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवशी माध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो. त्याच वेळी अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला असतो. हा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग होय. दोन नगरांतील अंतर ५,००० स्टेडिया धरले तर पृथ्वीचा परिघ २,५०,००० स्टेडिया येतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग शाळांच्या जाळ्यावर आणला. निरनिराळ्या अक्षांशांवरील वर्गांनी एकाच दिवशी स्थानिक माध्यान्ही काठीची सावली मोजायची आणि कोन एकमेकांना कळवायचे. पुढे अमेरिकेत स्टीव्हन्स तंत्रविज्ञान संस्थेने ‘नून डे’ प्रकल्प चालविला. फ्रान्समध्ये नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांच्या प्रेरणेने १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘ला मँ आ ला पात’ या चळवळीनेही २००० पासून इराटोस्थेनिसच्या पावलांवरून जाणारा शालेय प्रकल्प हाती घेतला.

या प्रयोगात घड्याळाचे बारा वाजणे म्हणजे माध्यान्ह नव्हे, हे मुलांना प्रथम कळते. सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते दर काही मिनिटांनी खुणा करून शोधावे लागते. भारतात एकच प्रमाणवेळ असल्याने हा फरक चांगलाच जाणवतो. दुसरी गोष्ट अशी की दोन गावांतील सरळ अंतर घेऊन चालत नाही. त्यांच्या अक्षवृत्तांमधील उत्तर-दक्षिण अंतर घ्यावे लागते. ही चूक जवळजवळ प्रत्येक वर्गात होते आणि ती दुरुस्त करताना अक्षांश म्हणजे काय ते जितके स्पष्ट होते, तितके व्याख्या पाठ करून होत नाही.

अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘जर्नी नॉर्थ’ या उपक्रमातील ‘मिस्टरी क्लास’ ही स्पर्धाही याच जातकुळीची. जगभरातील दहा गुप्त ठिकाणांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा दर आठवड्याला कळविल्या जात. त्यांवरून मुले दिनमान काढून आलेखावर मांडीत. काही रेषा भराभर वर चढत, काही जवळपास आडव्या राहत, काही खाली उतरत. मार्चमधील विषुवदिनाच्या सुमारास सगळ्या रेषा बारा तासांपाशी एकमेकींना छेदीत. चढत्या रेषा उत्तर गोलार्धातील, उतरत्या दक्षिणेकडील, हे कोणी सांगण्याची गरज उरत नसे. रेखांशासाठी स्वतंत्र संकेत नंतर दिले जात.

१९९४ मध्ये घोषित होऊन १९९५ च्या वसुंधरा दिनी कार्यान्वित झालेल्या ‘ग्लोब’ या कार्यक्रमात तापमान, पर्जन्य, ढग यांच्या नोंदी शाळा करतात. त्यातही हवामानाच्या नोंदी स्थानिक सौर माध्यान्हीच्या जवळपास घेण्याची शिस्त आहे. भारत या कार्यक्रमात २००० साली सहभागी झाला.

पडद्यावरील भेट

कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेल्या ‘सी-यू सी-मी’ या संगणकप्रणालीच्या साहाय्याने १९९३ मध्ये काही शाळांनी एकमेकांचे हलते चित्र पाहिले. चित्र काळे-पांढरे, लहान आणि अडखळणारे होते. सर्वसामान्य शाळेला ही सोय मिळण्यास आणखी पंधरा-सतरा वर्षे जावी लागली. २०११ मध्ये ‘स्काइप इन द क्लासरूम’ सुरू झाले आणि ‘मिस्टरी स्काइप’ हा खेळ शिक्षकांत लोकप्रिय ठरला. दोन वर्ग समोरासमोर येतात. कोण कोठले हे फक्त शिक्षकांना ठाऊक असते. ‘तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेस राहता का?’, ‘तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे का?’ असे हो-नाहीत उत्तर देता येतील असेच प्रश्न विचारून एकमेकांचे ठिकाण शोधायचे. नकाशा पाहणारे, प्रश्न रचणारे, नोंदी ठेवणारे अशी कामे मुलांत वाटली जातात. चांगला प्रश्न उरलेले जग अर्धे करतो, हे मुलांच्या लवकर ध्यानात येते. नकाशावाचनाचा इतका हौसेने केलेला सराव अन्यत्र क्वचितच दिसेल.

परंतु हा खेळ ठिकाण ओळखताच संपतो. १९८४ मध्ये अमेरिकी भूगोलतज्ज्ञांच्या संयुक्त समितीने शालेय भूगोलासाठी स्थान, स्थळवैशिष्ट्य, मानव-पर्यावरण संबंध, दळणवळण आणि प्रदेश ही पाच सूत्रे मांडली होती. त्यांपैकी पहिल्या सूत्रापाशीच हा खेळ थांबतो. उत्तर सापडल्यावर टाळ्या वाजतात, दोन्हीकडची मुले एखादे गाणे म्हणतात आणि तासिका संपते. गाव कोठे आहे हे कळते. ते तेथेच का वसले, हे विचारायचे राहून जाते. वेग वाढला तसा प्रश्न उथळ झाला, असे म्हणण्यास येथे निश्चितच जागा आहे.

साधनांचे आयुष्य अल्प असते, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मे २०२५ मध्ये ‘स्काइप’ ही सेवाच बंद झाली. पत्रे व छापील पाने निदान कपाटात राहतात.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रात हा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला तो डिसेंबर २०२० मध्ये. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना त्या वर्षीचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला. दहा लाख डॉलर्सच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे घोषित केले. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव अधिक चर्चिले गेले. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचा ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ हा प्रकल्प आणि परदेशातील वर्गांना घडविलेल्या आभासी सहली अधिक महत्त्वाच्या आहेत. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा संघर्षग्रस्त देशांतील मुलांना त्या प्रकल्पात एकमेकांशी जोडले गेले. न्यूयॉर्क-मॉस्को प्रयोगाशी त्याचे नाते उघड आहे. एका खेड्यातील जिल्हा परिषद शाळा अशा जाळ्याच्या केंद्रस्थानी असू शकते, ही गोष्ट राज्यातील शिक्षकांना धीर देणारी ठरली.

मात्र एका शिक्षकाच्या कर्तृत्वाने व्यवस्थेतील अडचणी नाहीशा होत नाहीत. वीज आणि जोडणी यांची अडचण सर्वपरिचित आहे, तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. कमी बोलली जाणारी अडचण घड्याळाची आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजतात तेव्हा भारतात ऋतूनुसार सायंकाळचे ६.३० किंवा ७.३० झालेले असतात. जिल्हा परिषदेची शाळा तोवर सुटलेली असते. लंडनची सकाळ भारताच्या दुपारशी आणि जपानची दुपार भारताच्या सकाळशी जुळते. थेट संवादासाठी जोडीदार निवडताना या गोष्टीचा विचार न केल्यास उपक्रम एका सायंकाळपुरता आणि पालकांना पेट्रोमॅक्सच्या जमान्यातील जत्रेसारखा वाटणारा सोहळा होऊन बसतो.

त्याहून मोठी अडचण भाषेची. आजवरचे बहुतेक जागतिक उपक्रम इंग्रजीतून चालले. मराठी माध्यमातील चौथीच्या मुलाला इंग्रजीत जे बोलता येते ते नाव, वय आणि आवडता रंग यांपलीकडे फारसे जात नाही. म्हणजे ज्या ओळखपाळखीत अडकून पत्रमैत्रीचे व्यवहार विरून गेले, तेथेच भाषेच्या अडसरामुळे हे मूल अडकते. आपल्या शिवारातील काळ्या मातीविषयी, विहिरीविषयी, ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराविषयी त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. पण ते त्याच्या मराठीत असते. शिक्षक भाषांतर करून देतात तेव्हा संवाद दोन शिक्षकांत होतो आणि मुले श्रोते बनतात.

या संदर्भात मॉरिशसकडे लक्ष वेधावेसे वाटते. तेथील मराठी भाषिक समाजाचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकण व आसपासच्या प्रदेशातून गेले आणि तेथील प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकविला जातो. तेथील मुलांची रोजची भाषा क्रिओल आहे, त्यामुळे त्यांचे मराठी सोपे, पुस्तकी असणार. परंतु महाराष्ट्रातील मुलाला ते परके नाही. वेळेचा फरक केवळ दीड तासाचा. भूगोलाच्या दृष्टीने तर ही जोडी विलक्षण आहे. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, पोर्ट लुई सुमारे २०.२ अंश दक्षिण अक्षांशावर. विषुववृत्ताच्या दोन बाजूंना जवळजवळ सारख्या अंतरावर. एकाचा उन्हाळा तो दुसऱ्याचा हिवाळा, पण दोन्हीकडे दिनमानातील वार्षिक फरक दोन-अडीच तासांचाच. लंडनसारख्या ठिकाणी हाच फरक जवळपास नऊ तासांचा असतो. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळाही या कामी उपयोगी पडू शकतात. मात्र त्या बहुधा सुटीच्या दिवशी भरतात आणि तेथे घड्याळ पुन्हा आडवे येते.

सावलीच्या प्रयोगासाठी महाराष्ट्राचे पंचांग थोडे प्रतिकूल आहे, हेही नोंदविले पाहिजे. सोलापूरच्या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या प्रारंभी. पहिल्या वेळी शाळेला उन्हाळी सुटी असते आणि दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले असते. शून्य सावलीचा दिवस वर्तमानपत्रांत गाजतो, पण शाळेच्या अंगणात तो सहसा कोणी पाहत नाही. सप्टेंबरच्या विषुवदिनी पावसाचा भरवसा नसतो. राहतो तो २० किंवा २१ मार्च. वार्षिक परीक्षा अजून दूर असतात, आकाश निरभ्र असते आणि मॉरिशसमधील शाळाही चालू असतात. त्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातील शाळेच्या पटांगणात एक मीटर उंचीची काठी लंबरूप रोवली, तर दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली सुमारे ३२ सेंटिमीटरपर्यंत आखडते आणि उत्तरेकडे पडते. पोर्ट लुई येथे तशाच काठीची सर्वांत आखूड सावली सुमारे ३७ सेंटिमीटर असते आणि ती दक्षिणेकडे पडते. दोन कोनांची बेरीज जवळपास ३८ अंश होते आणि दोन अक्षवृत्तांतील अंतर सुमारे ४,२०० किलोमीटर. पुढचा गुणाकार-भागाकार चौथी-पाचवीच्या मुलांना येतो. सावल्या उलट दिशांना का पडल्या, हे दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना मराठीतच विचारायचे आहे.